सोळा गुण आणि बदामचा राजा

गेल्या महिन्यात क्लबच्या एका संध्याकाळी माझ्या हाती आलेली तेरा पाने अजूनही पाठ आहेत. इस्पिकचा राजा, गुलाम, सत्ती, चव्वी. बदामचा राजा आणि छक्की. चौकटचा एक्का, राणी, अठ्ठी, तिर्री. किलवरचा राजा, नश्शी, पंजी. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक या हिशेबाने गुण सोळा होतात. ४-४-३-२ ही वाटणी ब्रिजमध्ये सर्वांत जास्त वेळा येते, शंभर डावांत सुमारे साडेएकवीस वेळा, म्हणजे पानांत नवल असे काहीच नव्हते. उजवीकडच्या गृहस्थांनी ‘एक बदाम’ अशी बोली लावली आणि माझा हात बिडिंग बॉक्सवर, म्हणजे बोलीच्या कार्डांच्या डबीवर, येऊन थबकला. ‘वन नो ट्रम्प’चे, म्हणजे हुकमाविना खेळण्याच्या बोलीचे, कार्ड काढावे की डबलचे लाल कार्ड, हे काही केल्या ठरेना.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. प्रतिपक्षाने बोली उघडल्यावर ‘वन नो ट्रम्प’ म्हणणे हे जवळजवळ प्रतिज्ञापत्रच असते. माझ्याकडे पंधरा ते अठरा गुण आहेत, पाने चारही रंगांत समतोल वाटली गेली आहेत आणि तुम्ही बोललेला रंग निदान एकदा तरी अडवता येईल असे पान माझ्याजवळ आहे, एवढा सगळा मजकूर त्या एका बोलीत मावतो. टेकआउट डबल हा उलट भिडूला केलेला प्रश्न असतो. त्यांच्या रंगात माझ्याकडे फारसे काही नाही, बाकीचे तीन रंग मला चालतील, बोली उघडण्याइतकी ताकदही आहे, तेव्हा रंग तू निवड, असे डबल करणारा सुचवत असतो.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा काही दिवस आमच्या घरी माझ्या ब्रिजकडे आदराने पाहिले गेले. त्या भरात मी पत्नीला डबल समजावून सांगायला बसलो. ती मेंढीकोटात पटाईत आहे. ‘डबल म्हणजे दंड दुप्पट. मग ती विनंती कशी होते?’ असे तिने विचारले आणि तिचे म्हणणे खरेच होते. एकच लाल कार्ड एका ठिकाणी ‘तुम्ही बुडणार’ अशी धमकी असते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘भिडू, तू बोल’ असे आर्जव असते, आणि कोणत्या ठिकाणी काय समजायचे हे आधीची बोली ठरवते. मेंढीकोटात भिडूला केलेली खाणाखुणा हा लबाडीचा भाग. ब्रिजमध्ये ती राजरोस करायची असते, फक्त तिचा अर्थ प्रतिपक्षालाही विचारता यायला हवा.

त्या संध्याकाळी मला मोह पडला तो चार इस्पिकांचा. काकांकडे, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या भिडूंकडे, चार इस्पिक असतील तर नो ट्रम्प बोलून आपण तो रंग हरवून बसू, असे वाटले आणि मी डबल केले. खरे तर ही भीती निराधार होती. नो ट्रम्पनंतर काकांना ‘दोन किलवर’ बोलून माझे इस्पिक विचारण्याची सोय होतीच. स्टेमनची रीत त्यासाठीच आहे. काकांकडे निघाली इस्पिकची तीन बारकी पाने, बदामचा गुलाम धरून चार, चौकटची दोन आणि किलवरची राणी, गुलाम, दश्शी, चव्वी. चार गुणांच्या त्या पानांवर त्यांनी निमूटपणे ‘दोन किलवर’ म्हटले.

आता खरी पंचाईत झाली. मला बिनहुकमी खेळ हवा होता, पण डबल करून मग नो ट्रम्प बोलणाऱ्याकडे निदान एकोणीस गुण असतात, असे सगळे जग समजते. अठराच्या पुढची समतोल पाने दाखवायची ती वाटच आहे. माझे सोळा गुण पहिल्या फेरीतच सांगायला हवे होते. दुसऱ्या फेरीत ते सांगायला बोलीच उरली नव्हती. मी पास दिला. हुकमाची चार पाने तिकडे आणि तीन इकडे अशा अवघडलेल्या अवस्थेत काका आठ हात करायला निघाले आणि एक हात कमी पडला, उणे पन्नास. तीच पाने फिरून ज्या दुसऱ्या टेबलावर ‘वन नो ट्रम्प’मध्ये खेळली गेली, तिथे किलवरचे तीन, चौकटचे दोन आणि बदाम व इस्पिकचा एकेक असे सात हात होऊन नव्वद गुण मिळाले होते.

डाव आटोपल्यावर काका म्हणाले, ‘अरे, राजा एक्क्याच्या मागे बसला होता ना? मग मला विचारत का बसलास?’ बदाम बोलणारा माझ्या उजवीकडे होता, म्हणजे तो आधी खेळणार आणि मी त्याच्या मागून. बदामचा एक्का त्याच्याकडे असणार हे बोलीवरूनच दिसत होते, त्यामुळे माझा दोन पानी राजा त्या जागी नुसता राजा नव्हता, हमखास हात होता. हीच बोली डावीकडून आली असती, तर तो एक्का माझ्या मागून येऊन राजाला केव्हाही गिळू शकला असता. माझ्याकडे बदामची दोन बारकी पाने असती तर मात्र डबलवाचून गत्यंतर नव्हते. मी गुण मोजले, रंग मोजले, आणि कोण कुठे बसले आहे हे पाहायचे विसरलो.

पुढच्याच आठवड्यात उजवीकडून ‘एक चौकट’ आले. माझ्याकडे सतरा गुण, चौकटचा राजा, दश्शी आणि आणखी एक पान, शिवाय इस्पिक पुन्हा चारच. या वेळी मी क्षणभरही न थांबता ‘वन नो ट्रम्प’चे कार्ड टेबलावर ठेवले. डावीकडून लाल कार्ड आले. त्या जागी ते आर्जव नसते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून आपल्या पानांकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्याकडे एकही चित्र नव्हते आणि पळून जायला पाच पानांचा रंगही नव्हता. त्यांनी हिरवा पास ठेवला. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बुडाल्यास जास्त दंड बसणाऱ्या स्थितीत, होतो, दोन हातांनी बुडालो, आणि स्कोअरच्या कागदावर उणे पाचशे लिहिता लिहिता काका म्हणाले, ‘बोली बरोबर होती.’