अण्णांचं 'बघू'

आमची डाळमिल लातूरच्या एमआयडीसीत आहे. अण्णा, म्हणजे माझे सासरे, आणि काका या दोघा भावांनी आधी मोंढ्यात आडत केली, मग मिल टाकली. मी सून म्हणून आले, हिशेबाला बसले आणि आज कारभार माझ्याकडे आहे. मशिनरी वाढली, गिऱ्हाईक वाढलं, ते सगळं खरंच. पण आमची गाडी अडली ती एकमेकांशी बोलण्यात.

2015 साली तूरडाळ किरकोळीत 200 रुपये किलोच्या आसपास गेली. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. रोलवर घासलेल्या तुरीला तेल-पाणी लावून वाळवल्याशिवाय साल नीट सुटत नाही. त्यामुळे पाणी नाही म्हणजे मिल अर्धी बंद. माल महाग, काम कमी आणि घरातले सगळे दिवसभर ऑफिसात समोरासमोर. त्यातच कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं मशीन, घ्यायचा विषय निघाला.

भाऊजींनी 12 पानांचं टिपण केलं. काकांनी ते उघडलंही नाही. "घ्यायचं का न्हाई, एवढं सांग." माझे पती बोलण्यात वस्ताद, मशीनचा सौदा व्हायच्या आधीच त्यांनी हैदराबादच्या व्यापाऱ्याला सॉर्टेक्स मालाचा, म्हणजे अशा मशीनवर निवडलेल्या डाळीचा, शब्द देऊन टाकला. अण्णा म्हणाले, "बघू." मी तो होकार धरला आणि ॲडव्हान्स पाठवला.

मशीन गेटवर उतरलं तेव्हा अण्णांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि घरी निघून गेले. तीन आठवडे मिलकडे फिरकले नाहीत. ताटात वाढलं तेवढं खायचे, उठायचे.

पुढे व्यापाऱ्यांच्या एका शिबिरात डिस्क पद्धतीबद्दल ऐकलं. विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1928 साली माणसाच्या वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यावरच्या चाचण्या नंतर इतरांनी केल्या. कुणी धडाडीने निर्णय घेतो, कुणी बोलून माणसं जोडतो, कुणी संथपणे सगळ्यांना धरून चालतो, कुणी काटेकोर असतो. ऐकताना आमच्या ऑफिसातल्या चारही खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या. मी स्वतः काकांच्या वळणाची. अर्थात ही काही जन्मपत्रिका नव्हे. घरात सावकाश बोलणारे अण्णा मोंढ्यात तुरीचा दाणा दाताखाली फोडून पाहिला की क्षणात सौदा करतात.

त्या संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसले. "अण्णा, माझं चुकलं. तुमचं 'बघू' मला कळलं नाही."

बराच वेळ ते गप्पच. मग म्हणाले, "मशीन चांगलीच हाय पोरी. पण डाळ निवडायला बाया येतात, त्यांचं काय करायचं, हे कुणी इचारलं का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. भाऊजींच्या 12 पानांत मजुरीची बचत होती, बाया नव्हत्या. आणि माझ्या घाईत अण्णांना तोंड उघडायला जागाच नव्हती. किलो-दोन किलोच्या पाकिटांचं काम आम्ही त्यानंतर सुरू केलं, ते याच बायांच्या हाती दिलं. दोघी मात्र तोवर दुसरीकडे गेल्या होत्या. त्याची बोच मला आजही आहे.

आता काकांना मी दोन वाक्यांत सांगते आणि हो की नाही विचारते. भाऊजींना आकडे आदल्या दिवशी लेखी देते. ऐन वेळी विचारलं की ते आक्रसतात, आणि त्याला मी पूर्वी आडमुठेपणा म्हणायचे. पतींचं सगळं ऐकून घेते, पण व्यापाऱ्याला काय शब्द दिला ते लगेच वहीत उतरवून घेते. सगळ्यात अवघड अण्णा. त्यांच्याकडे विषय चार दिवस आधी न्यायचा आणि मग गप्प राहायचं. माझ्यासारखीला ते गप्प राहणं फार जड जातं.

मागच्या महिन्यात मिलच्या छपरावर सोलर बसवायचं मी त्यांच्या कानावर घातलं. "बघू," म्हणाले. मी पुन्हा विषय काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी शिडी लावून ते स्वतः वर जाऊन आले, हात झटकले आणि म्हणाले, "पत्रा गंजलाय. आधी तो बदला, मग बसवा."