माळ्यावर रेंज नाही

“तिकडं जाऊन गुरांचंच शिकायलास? मग हितं काय वाईट हुतं?”

नेदरलँड्सला आल्यावर पहिल्याच फोनवर आज्जानं हे विचारलं. दोन महिने झाले, मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही. आमचं गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलाच्या कडेला. दावणीला दोन म्हशी आणि एक बैलजोडी, घरामागं भाताची शेती. आणि मी इथं उट्रेख्तमध्ये नीतिशास्त्र शिकतोय. त्यातले प्राण्यांचे हक्क आणि पर्यावरण हे विषय मुद्दाम घेतलेत. म्हणजे आज्जाचं बरोबरच आहे, गुरांचंच.

या देशात प्राण्यांसाठी वेगळा राजकीय पक्ष आहे. २००२ साली निघाला आणि २००६ साली त्याचे दोन खासदार संसदेत जाऊन बसले. देशाच्या संसदेत असा पक्ष पोचण्याची जगातली ती पहिलीच वेळ. जनावराला माणसाच्या उपयोगापलीकडं स्वतःचं मूल्य आहे, असं इथल्या कायद्यातच लिहिलंय. आणि याच देशात दुधाच्या गोठ्यातली नर वासरं मांसासाठी पोसायचा मोठा धंदाही चालतो, त्यासाठी परदेशातूनही वासरं आणतात. हे शिकवत होते तेव्हा सगळ्यांसारखं मीही नाक मुरडणार होतो, एवढ्यात आमच्या गोठ्यातली रेडकं आठवली. म्हशीला रेडी झाली तर घरात आनंद. रेडा झाला तर त्याच्या वाट्याचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये. त्याला कुणी मारत नाही, ते नुसतं वाळत जातं. मेल्यावर कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचं, की ती चाटत राहते आणि पान्हा सोडते. लहानपणी त्या पेंढ्याच्या रेडकावर बसून मी घोडा घोडा खेळायचो. वर्गात हे सांगायचं धाडस झालं नाही.

ऑक्टोबरात आम्हाला ओस्तफार्दर्सप्लासेन बघायला नेलं. (हे नाव तोंडात बसायला मला आठवडा लागला.) अल्मेरे आणि लेलीस्टाड या दोन गावांमध्ये, रेल्वेच्या खिडकीतूनसुद्धा दिसणारं हे सपाट, पाणथळ रान. १९६८ पर्यंत ही जमीन पाण्याखाली होती. बांध घालून ती उपसली, कारखाने काढायचं ठरलं, पण त्याआधी पक्षी येऊन राहिले आणि जागा त्यांचीच झाली. पुढं १९८३ मध्ये तिथं हेक जातीची गुरं सोडली, १९८४ मध्ये कोनिक घोडी, १९९२ मध्ये सांबरासारखी मोठी तांबडी हरणं. माणसानं हात लावायचा नाही, निसर्ग आपलं आपण बघेल, अशी कल्पना. फक्त जागा ५६ चौरस किलोमीटरची, भोवती कुंपण, आणि आत वाघ-लांडगा कोणी नाही.

व्हायचं तेच झालं. कळप वाढत गेले आणि २०१७-१८च्या हिवाळ्यात चारा संपला. पाच हजारांवर जनावरं होती, त्यातली तीन हजारांहून जास्त गेली. बहुतेकांना वनरक्षकांनीच गोळी घातली, उपाशी तडफडून मरण्याआधी. लोक खवळले. रात्री येऊन कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत टाकू लागले, वनरक्षकांना धमक्या आल्या. शेवटी धोरण बदललं. आता कळपांची संख्या मर्यादेत ठेवतात.

कुंपणापाशी उभं राहून आमची जी वादावादी झाली, ती म्हणजे या विषयाचं जुनंच भांडण. एक बाजू आल्डो लिओपोल्डची. हा अमेरिकन वनाधिकारी, त्याचं भूमिनीतीवरचं लिखाण १९४९ साली छापलं गेलं. माती, पाणी, झाडं, जनावरं मिळून जो समाज होतो, तो टिकला पाहिजे, मग एकेका हरणाचं काय व्हायचं ते होवो. दुसरी बाजू टॉम रेगन या अमेरिकन तत्त्वज्ञाची, त्याच्या १९८३च्या पुस्तकातली. ज्याला स्वतःचं आयुष्य जगतोय हे जाणवतं, त्या प्रत्येक जिवाला हक्क आहेत, आणि जंगलाच्या भल्यासाठी एकाचा बळी देणं याला त्यानं सरळ पर्यावरणी फॅसिझम म्हटलं. माझ्या शेजारची मुलगी रेगनच्या बाजूनं बोलता बोलता रडली. मला रडू आलं नाही, पण लिओपोल्डवाल्यांचाही राग आला. दोन्ही बाजू कुंपणाच्या बाहेर, अंगात उबदार जाकीट घालून उभ्या होत्या. मीही होतो म्हणा.

आमच्याकडं कुंपण कुठाय? भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. गवाळी, कोंगळा, कृष्णापूर ही गावं जंगलाच्या पोटातच आहेत. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं लांब कानांचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, त्याच्यासाठी शास्त्रज्ञ लांबून येतात. गावातल्या लोकांचं काय करायचं, यावर मात्र बैठका होत राहतात. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली एका लेखात पाश्चात्त्य पर्यावरणवाद्यांना हेच सुनावलं होतं: माणसं उठवून रान राखायची तुमची कल्पना भारतात नेली की तिची किंमत गरीब भरतो. वाचनयादीत हा लेख बघून मला गावचं कुणी भेटल्यासारखं झालं.

भात पोटरीत आलं की आमच्याकडं राखण सुरू होते. शेताच्या कडेला माळा, म्हणजे मचाण, त्यावर बाबा आणि चुलता आळीपाळीनं. गवे आले की डबा बडवायचा, बॅटरी मारायची, फारच झालं तर सुतळी बाँब. गव्याला कायद्याचं सगळ्यात वरचं संरक्षण आहे आणि ते असावं असंच मला वाटतं. तरी एका रात्रीत अर्धा एकर तुडवलेलं बघितलं की वाटणं थोडं डळमळतं. भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये. बाबांचं शिक्षण मराठी शाळेतलं, म्हणून ते व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि मी इथं उट्रेख्तच्या ग्रंथालयात बसून त्यांना अर्ज वाचून दाखवतो. मागच्या वर्षी एका कागदावरची सही राहिली म्हणून अख्खा अर्ज परत आला.

प्रबंधाचा विषय म्हणून मी ‘राखण’ हा शब्द दिला. सरांनी अर्थ विचारला. पहारा, म्हटलं. “कुणापासून?” गव्यापासून, म्हणालो आणि अडखळलो. कारण आमच्या रानाचाही एक राखणदार देव आहे. कार्तिकात त्याला नारळ देतात, आणि गवे त्याचीच गुरं, असं आज्जा सांगतो. त्याच्या गुरांना डबा बडवून हाकलायचं आणि वर त्यालाच नारळ फोडायचा, हे सरांना समजावताना माझी फार तारांबळ उडाली. त्यांनी वहीत मात्र बरंच काही लिहून घेतलं.

आज्जाला आता हे सांगून बघायचंय. पण घरचा फोन बाबा सोबत नेतात, आणि इथं संध्याकाळी मी मोकळा होतो तोवर ते राखणीला गेलेले असतात. माळ्यावर रेंज नाही. भात मळून होईपर्यंत असंच चालायचं.