तीन दशांश मिलिमीटर

मी बनवलेली गिटार घेऊन तो तरुण समाधानाने गेला, त्याला आता तीन आठवडे झाले. तरीही त्या वरच्या फळीच्या जाडीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

त्याने पाडलेल्या घरातले लाकूड आणून दिले होते: मागच्या फळीसाठी आणि बाजूंसाठी जुना शिसवी पलंग, वरच्या फळीसाठी देवदाराची तुळई. शिसवाच्या संपूर्ण गटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रणाखाली आल्यावर असा जुना पलंग मला नव्या ओंडक्यापेक्षा मोलाचा वाटतो. तुळईने मात्र पहिल्याच दिवशी करवतीचे दात घालवले. चुंबक फिरवून मी अकरा खिळे काढले होते. बारावा खोल होता आणि त्याचे डोके आधीच तुटलेले होते. घर पाडणारे लोक पहारीने तुळया उचकटतात आणि खिळा ओढून काढण्याऐवजी मोडून टाकतात. जुन्या लाकडाचे जेवढे नुकसान वाळवीने होत नसेल, तेवढे या घाईने होते.

तुळई उभ्या रेषेत चिरून जोडफळ्यांचे, म्हणजे जोडून एक वरची फळी होईल अशा दोन-दोन फळ्यांचे, चार संच निघाले. एकात रेषांना पीळ होता, दुसऱ्यात राळेची पोकळी होती, तिसरा स्वच्छ असूनही दोन बोटे अरुंद भरला. चौथा सर्वांत सरळ होता, पण बाराव्या खिळ्याचा काळा डाग नेमका त्यात, ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपासून, चार सेंटिमीटरवर, जाड तारांच्या बाजूला आला. लोखंडाने काळे पडलेले लाकूड मी कोरून काढले, त्याच फळीच्या तुकड्याचे बूच रेषेला रेष जुळवून सरसाने बसवले आणि आतून पातळ ठिगळ लावले.

बाजू वाकवण्याचे काम या लाकडाने सुखाने करू दिले. दोन मिलिमीटरची शिसवी पट्टी ओल्या फडक्याने जेमतेम भिजवून तापलेल्या नळीवर टेकवायची, बाहेरून पत्र्याची पट्टी धरायची आणि वाट पाहायची. जोर लावला की कमरेच्या वळणावर तंतू फुटतात. योग्य क्षणी लाकूड हाताखाली एकाएकी सैल पडते, तेवढ्या दोन-तीन सेकंदांतच त्याला वळण द्यायचे असते. दोन्ही बाजू साच्यात दाबावे न लागता बसल्या, याचा मला आजही अभिमान आहे.

प्रश्न उभा राहिला तो वरच्या फळीचा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तीन मिलिमीटरची फळी २.७ वर आणली की दहा टक्के जाडी जाते, पण ताठपणा सत्तावीस टक्के जातो. म्हणून पुस्तकातला आकडा कामाचा नसतो, आणि देवदार तर वरच्या फळीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या स्प्रूस लाकडापेक्षा जड. फळी चिमटीत धरून बोटाच्या पेराने ठोकत मी रंधा मारत होतो. तीन मिलिमीटरला आवाज येऊन लगेच विरत होता. अजून काढायला हवे, हे बोटांना कळत होते. पण नजर त्या बुचाकडे जात होती. पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो. माझ्या एका व्यवसायबंधूने सल्ला दिला, "जाडच ठेवा. फुटून परत आलेली गिटार नाव घालवते." आमच्यापैकी बहुतेक जण वाजणारी गिटार करण्यापेक्षा परत न येणारी गिटार करतात, हे मला मान्य नव्हते, तरी मी तीनवरच थांबलो. स्पेनचे गिटारकार आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची करून आवाज वरच्या फळीत असतो हे दाखवले होते, आणि मी त्या फळीशीच तडजोड केली.

तारा चढवल्या त्या दिवशी ताण टप्प्याटप्प्याने वाढवला. बूच हलले नाही. बारीक तारा स्वच्छ, लांब वाजल्या. सहावी, सर्वांत जाड तार मात्र सुरू होताच बसत होती. मी भोकातून आरसा घालून, हात आत नेऊन फळीला आतून चिकटवलेल्या, जाड तारांकडच्या आधारपट्ट्यांची टोके पॉलिश पेपरने उतरवली. आवाज थोडा खुलला, पण पुरता नाही.

तरुण आला तेव्हा मी त्याला सहाव्या तारेचे स्पष्ट सांगितले आणि पॉलिश काढून फळी कडेने पातळ करून देण्याची तयारी दाखवली. त्याने बराच वेळ वाजवले आणि नंतर बुचावर अंगठा ठेवला. "काका, या खिळ्याला कंदील टांगलेला असायचा. आता हिला हात लावू नका."

मी हात लावला नाही. परवा मात्र तो अरुंद राहिलेला संच जोडून २.७ वर आणला आणि ठोकून पाहिला. रुंदी कमी असल्यामुळे तुलना पुरती न्याय्य नाही, हे मला कळते. तरी फळी पुष्कळ वेळ गुंजत राहिली; तिच्यात खिळा नव्हता.