प्लास्टरच्या आतला माणूस

रुमानियन अभिजात कादंबरीत अपंग माणसं दिसतात, पण बहुतेकांना लेखकाने कथानकाच्या कामाला जुंपलेलं असतं. रेब्रेआनूच्या ‘इऑन’मधली (१९२०) साविस्ता पांगळी आहे, अडखळत बोलते. ती नायक इऑनचा प्रतिस्पर्धी जॉर्जे याच्या कानाला लागते आणि गोष्ट खुनाकडे वळते. बाकी तिचा दिवस कसा जातो, याचं लेखकाला फारसं कुतूहल नाही.

आज पुन्हा रुमानियन लेखक मॅक्स ब्लेखर काढला, तो याच कारणासाठी. ‘इनिमी चिकात्रिझाते’ (१९३७), म्हणजे व्रण भरून आलेली हृदयं. नायक एमान्युएल पॅरिसमध्ये रसायनशास्त्र शिकतोय. मणक्याचा क्षय निघतो आणि त्याची रवानगी फ्रान्समधल्याच समुद्रकाठच्या बेर्कला, तिथल्या आरोग्यधामात होते.

हा आजार नीट माहीत नसेल तर कादंबरी निम्मीच कळते. जंतू मणक्याचा पुढचा भाग पोखरतात. मागचा भाग शाबूत राहतो, पुढचा खचतो, मणका पाचरीसारखा होतो आणि पाठीला कुबड येतं. पू मात्र तिथे थांबत नाही. कमरेच्या आतल्या स्नायूच्या आवरणातून उतरत तो जांघेपाशी गळू होऊन वर येतो. हे गळू ना लाल, ना गरम. ते सुईने रिकामं करायचं, पण सुई बाजूच्या निरोगी कातडीतून तिरकी घालायची. माथ्यावरच सरळ भोसकली तर भोक बुजत नाही, पू झिरपत राहतो आणि त्याच वाटेने बाहेरचे जंतू आत शिरतात. बंद क्षय उघडणं म्हणजे मरणाला दार उघडून देणं, असं बेर्कचे सर्जन कालो बजावत. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. तोवर मुख्य उपचार एकच होता: हलायचं नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो, पण आता गोळ्या आहेत, आणि सहसा वर्षानुवर्षं खिळून पडावं लागत नाही.

बेर्कमध्ये मात्र आडवं पडून सगळं आयुष्य चालतं. जेवणाच्या दालनात नीटनेटके कपडे घातलेले लोक चाकांच्या गाड्यांवर उताणे पडून जेवतात. बाहेर जायचं तर घोडागाडीत झोपूनच लगाम धरायचा. एमान्युएलला आधी हे भयंकर वाटतं, मग सवयीचं होतं. माझ्या मते कादंबरीचा खरा विषय ही सवयच आहे.

मग प्लास्टरचं कवच. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या धडाभोवती गुंडाळतात. घट्ट होताना त्या गरम होतात, नंतर पूर्ण वाळेपर्यंत गार आणि दमट राहतात. कमरेच्या हाडांवर कापूस कमी पडला की कातडी सोलवटते. आत पाणी पोचत नाही, त्यामुळे मळ साचतो आणि खाज सुटली तरी हात जात नाही. बेर्कमध्ये भेटलेल्या सोलांज या तरुणीशी एमान्युएलची जवळीक होते तेव्हाही हे कवच मध्ये असतंच. ब्लेखर तिथून नजर वळवत नाही, आणि कीव येईल असं काही घुसडतही नाही.

याला रूपक म्हणून मोकळे होणारे समीक्षक मला पटत नाहीत. ब्लेखर स्वतः पॅरिसला वैद्यक शिकायला गेला आणि १९२८ साली त्यालाच हा आजार निघाला. बेर्क, लेझां, तेकिरगिओल अशी आरोग्यधामं झाली, मग रोमान गावातलं घर. आखडलेल्या गुडघ्यांवर फळी टेकवून तो लिहायचा. १९३८ साली गेला, वय २८.

त्याची आरोग्यधामातली रोजनिशी ‘विझुइना लुमिनाता’ त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. ती उद्या काढेन. मात्र नव्या वाचकाने सुरुवात एमान्युएलपासूनच करावी. रोजनिशीत स्वप्न आणि वॉर्ड यांची सरमिसळ आहे, आणि उपचारांचा क्रम आधी ठाऊक असला की ती उलगडायला सोपी जाते.