विंडोज ११ करायला बसलो आणि लॅपटॉपने ४८ आकडे मागितले (माझा अनुभव)

लॅपटॉप विकणाऱ्या दुकानांनी गिऱ्हाईकाच्या मशीनवर स्वतःचा ईमेल टाकून द्यायचं आता तरी बंद करावं. एवढंच सांगायला लिहितोय, कारण त्या एका ईमेलपायी आमच्या दादाचं वर्कशॉपचं सगळं काम अडकून पडलं होतं आणि अजून माझा राग गेलेला नाही.

दादाचं बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. लॅपटॉपवर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), पार्टीची ड्रॉइंगं, कोटेशनं, सगळं त्यातच. विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, त्यानंतर दादा रोज विचारायचा, आता व्हायरस येणार काय, पैसे जाणार काय. एकदम काही होत नाही, मशीन चालूच राहतं, पण नवीन भोक सापडलं की ते बुजवायला कोण येणार नाही, आणि बँकेचं काम त्याच मशीनवर होतं म्हटल्यावर मला ते पटत नव्हतं. एक वर्ष वाढवून घ्यायची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा होता, टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) होतं, सिक्युअर बूट होतं, म्हणजे ११ ला लागतं ते सगळं होतं, मग वाढवून कशाला घ्यायचं. थेट ११ च करूया म्हटलं.

आधी लॅपटॉप कंपनीचं जे स्वतःचं अपडेटचं अ‍ॅप असतं त्याने बायोसचं (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट दाखवलं. चार्जर लावून ते केलं (लाईट गेली तरी बॅटरी पाहिजे, बायोस अपडेट अर्ध्यात बंद पडलं तर मशीनच गेलं समजा). अपडेट नीट झालं, मशीन रिस्टार्ट झालं आणि निळी स्क्रीन आली, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका म्हणून. ४८ आकडे, सहा सहाचे आठ गट. दादाने तर बिटलॉकर हा शब्दच पहिल्यांदा बघितला.

झालेलं असं की, मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, विचारत पण नाही. त्या कुलपाचंच नाव बिटलॉकर. कुलपाची किल्ली टीपीएम सांभाळतं आणि चालू होताना बायोस वगैरे आधीसारखंच आहे का ते तपासतं. बायोस बदललं की त्याला वाटतं कुणीतरी मशीनशी खेळलंय, मग ते किल्ली देत नाही आणि आपल्याला ४८ आकडे विचारतं. ही सोय वाईट नाही, मी तर म्हणेन चांगलीच आहे, उद्या बसस्टँडवर लॅपटॉपची बॅग गेली तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी चोराला टॅलीचा एक आकडा दिसणार नाही. पण ते ४८ आकडे मालकाजवळ पाहिजेत की!

किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. दादाच्या ईमेलने बघितलं, काही नाही. वहिनीच्या ईमेलने बघितलं, ते अकाउंटच नाही. मग दादाला आठवलं, लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानवाल्यानेच सगळं सेटिंग करून दिलेलं आणि एक पिन दिलेला, तो पिन टाकून इतकी वर्षं चाललेलं. कुठला ईमेल टाकलाय ते ना त्याने सांगितलं ना याने विचारलं, आणि विचारणार तरी कसं, गिऱ्हाईकाला हे माहीत असायचं कारणच काय.

दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो की हो, अर्ध्या तासात होतंय." त्यात डेटा जातो म्हटल्यावर म्हणाला, "बॅकअप नाही काय?" टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता पण बराच मागचा, आणि २० तारखेचं जीएसटी रिटर्न तोंडावर आलेलं, टिळकवाडीचे सीए रोज फोन करत होते. ड्रॉइंगं तर पार्टीकडून परत मागायची म्हणजे नावच जातं. मी मालकाला सरळ विचारलं, तुम्ही कुठला ईमेल टाकला होता? तर म्हणाला, "आमी सगळ्यांनाच दुकानाचा टाकून देतो, लवकर होतंय." आणि त्याचा पासवर्ड? तो सेटिंग करणाऱ्या पोराला माहीत, तो सोडून गेला.

कंपनीच्या कस्टमर केअरला पण लावून बघितलं. हिंदी, इंग्लिश, कन्नड, सगळ्या भाषेत उत्तर एकच, किल्ली आमच्याकडे नसते, अकाउंटमध्ये बघा नाहीतर सगळं पुसून नवीन टाका. आणि ते खरंच आहे, हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टसुद्धा नवीन बनवून देत नाही. यूट्यूबवर "बिटलॉकर की शिवाय उघडा" म्हणून कितीतरी व्हिडिओ आहेत, त्यातलं एकही सॉफ्टवेअर उतरवू नका, असल्या ठिकाणी व्हायरस बसलेले असतात, आणि एवढ्याने कुलूप उघडत असतं तर त्या कुलपाला अर्थच काय.

मी त्या दुकानात जाऊन बसायला लागलो. मालकाला ते आवडत नव्हतं, तरी बसलो. शेवटी त्याने त्या पोराचा नंबर काढून दिला, पोरगं आता निपाणीला मोबाईलच्या दुकानात आहे. फोन केला तर इतकं चांगलं बोललं ते, म्हणालं अण्णा, तो ईमेल माझ्याच नंबरला जोडलाय, नंबर अजून तोच आहे. संध्याकाळी दुकान बंद करून त्याने स्वतःच्या मोबाईलवर अकाउंट उघडलं आणि गप्पच झाला. त्यात एक किल्ली नव्हती, यादीच होती! त्याने ज्यांची ज्यांची मशीनं लावून दिली त्या सगळ्यांच्या किल्ल्या त्या एका अकाउंटमध्ये. कुणाचं मशीन कुठलं ते कळायला मार्ग नाही, नावं सगळी डेस्कटॉप आणि पुढे कायतरी अक्षरं.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो. निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की आयडी म्हणून दिसतं, त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवायची. त्यात आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात. मी फोनवर सांगत होतो, ए अथणीचा, बी बेळगावचा, सी चिकोडीचा, डी धारवाडचा, आणि तो तिकडून एक एक बघत होता. जुळलं! त्याने ४८ आकड्यांचा फोटो पाठवला, मी टाकत गेलो. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो गट तिथेच नाही म्हणतो, सगळं परत टाकावं लागत नाही. मशीन उघडलं तेव्हा दादाने माझा हात धरला तो सोडेचना. मला पण भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पहिलं काम म्हणजे सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. मग सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे तेच डिस्कचं कुलूप) बंद केलं, दादाच्या नावाचं अकाउंट केलं, दुकानाचं काढून टाकलं आणि एन्क्रिप्शन परत चालू केलं, म्हणजे नवीन किल्ली दादाच्या अकाउंटला गेली. ती कागदावर छापून तिजोरीत ठेवलीय, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. विंडोज ११ नंतर आपोआप झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हां, दुकानवाले एक वर्षाचा अँटिव्हायरस माथी मारतात, तो नको. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो, फक्त अपडेट थांबवायचे नाहीत आणि क्रॅक केलेलं काही टाकायचं नाही.

काकांचा येळ्ळूरचा डेस्कटॉप ११ ला चालत नाही, प्रोसेसर जुना तिसऱ्या जनरेशनचा आहे. त्याला फेकू नका म्हटलं, एसएसडी (वेगवान डिस्क) घातली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. काका त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही टाईप करतात, उतारे काढतात, मशीन नव्यासारखं पळतंय. दादाचं मी तसं केलं नाही कारण टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही.

बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं, म्हणजे तेवढ्यापुरतं थांबवायचं असतं हे पण लक्षात ठेवा. विंडोजच्या होम व्हर्जनला तसं बटण नाही, तिथे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून कमांड द्यावी लागते, नाहीतर किल्ली हातात घेऊनच अपडेट करा.

त्या यादीतल्या बाकीच्या लोकांना फोन करून सांगा असं मी दुकानदाराला परत परत बोललोय, बघतो म्हणाला. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठनंही तयार सेटिंग केलेला लॅपटॉप घेतला असेल तर आजच सेटिंगमध्ये अकाउंट्स उघडा, युवर इन्फोमध्ये जो ईमेल दिसतो तो तुमचा आहे का ते बघा, आणि तुमचा नसेल तर मशीन चालू आहे तोवरच तो बदलून घ्या.