रवा आतल्या बाजूला

मी केलेली अंगठी बाहेरून अगदी साधी दिसते. सपाट पट्टी, तीही बिनचकाकीची. "यात काम कुठंय?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, घालून बघा. रवाकाम आतल्या बाजूला आहे.

रवा म्हणजे पत्र्यावर बसवलेले सोन्याचे बारीक गोळे. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकात इट्रस्कन, म्हणजे प्राचीन इटलीतल्या, सोनारांनी हे काम इतकं बारीक केलं, की त्यातले काही रवे पाव मिलिमीटरहूनही लहान आहेत. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी घराण्यानं तसे दागिने घडवायचा ध्यासच घेतला होता. अडचण डाखाची, म्हणजे धातू जोडायला वापरतात त्या सहज वितळणाऱ्या मिश्रधातूची. तो वितळून रव्यांमधल्या फटीत भरतो आणि सगळं लिंपल्यासारखं दिसतं. इंग्लंडच्या लिटलडेल यांनी १९३०च्या दशकात यावर उत्तर काढलं: डाख नकोच, तांब्याचा क्षार आणि सरस पुरे. तापवल्यावर सरसाचा कोळसा होतो, तो क्षारातलं तांबं मोकळं करतो. शुद्ध सोनं वितळतं १,०६४ अंश सेल्सियसला, तांबं १,०८५ला. पण दोन्ही एकमेकांना भिडली की ९००च्या आसपासच पाघळतात, तेही फक्त जिथं टेकलेत तिथं.

गोळे करणं सोपं. तारेचे सारखे तुकडे कापायचे, मुशीत कोळशाच्या भुकटीत पेरून तापवायचे, बाकीचं काम पृष्ठताण करतो. मग धुवायचे, चाळायचे आणि ओल्या कुंचल्यानं एकेक उचलून बसवायचे. या कामात माझी मान जाते. शेवटी ज्योतीखाली पत्र्यावर एक ओली झळाळी धावते. त्या क्षणी ज्योत काढली नाही तर रवे पत्र्यात बुडालेच.

सुरुवातीची दोन वर्षं मी जुने त्रिकोण आणि रांगा उतरवत होते. हात बसला, पण वस्तू म्हणजे संग्रहालयाबाहेर विकायला ठेवलेल्या प्रतिकृती! मग वाटलं, हे काम डोळ्यांनी सगळ्यांनी पाहिलंय, बोटाला का दाखवू नये? रांगा तशाच ठेवल्या, फक्त बाजू उलटवली.

पहिली अंगठी दिवसभर घातली आणि काढली, तर बोटावर ठिपक्यांची नक्षी, वर आग. रवे मोठे होते आणि उघड्यावर होते. आता पट्टीच्या आत उथळ खाच कोरते आणि त्यात ०.४ मिलिमीटरच्या रव्यांची एकच रांग बसवते, माथे जेमतेम वर. वर्षभर घातली की कातडीच्या घासण्यानं ते माथे गुळगुळीत होतात. ते पॉलिश मला यंत्रावर कधीच जमलेलं नाही.

माप मात्र आधीच नीट द्या. नंतर अंगठी सैल किंवा घट्ट करायची तर रांगेत करवत घालावी लागते, आणि ते मी करत नाही.