पलाझ्झो बार्बेरिनीची पुठ्ठ्यातील प्रतिकृती : बाह्यांग पूर्ण, अंतर्भागास आरंभ

रोममधील पलाझ्झो बार्बेरिनी या बार्बेरिनी घराण्याच्या प्रासादाच्या १:१०० प्रमाणातील प्रतिकृतीचे बाह्यांग उभे राहिले असून काम आता आतल्या दालनांकडे वळले आहे. प्रतिकृती नेमक्या कोणत्या काळातील दाखवायची, हा प्रश्न बाहेरच्या भिंती उभारताना पुढे ढकलता आला. आत शिरल्यावर मात्र तो प्रत्येक भिंतीपाशी उभा राहतो.

माफेओ बार्बेरिनी १६२३ मध्ये आठवा अर्बन या नावाने पोप झाले आणि दोनच वर्षांत घराण्याने स्फोर्झा कुटुंबाची ही मालमत्ता विकत घेतली. वास्तुविशारद कार्लो मादेर्नो यांनी मधल्या चौकाभोवती बंदिस्त इमारत बांधण्याची रोमन रीत सोडून इंग्रजी एच अक्षरासारखा आराखडा केला, कारण येथे दोन बिऱ्हाडे थाटायची होती : उत्तरेकडे पोपचे पुतणे तादेओ यांचे संसारी, तर दक्षिणेकडे त्यांचे बंधू कार्डिनल फ्रांचेस्को यांचे धर्मपदाला साजेसे. १६२९ मध्ये मादेर्नो वारले. पुढील काम शिल्पकार-वास्तुविशारद बेर्निनी यांच्याकडे आले आणि वास्तुविशारद बोरोमिनी त्यांच्या हाताखाली राबले.

या वाटणीमुळे प्रतिकृतीत दोन जिने आले. बेर्निनी यांचा जिना चौकोनी असल्याने पायऱ्यांचे थर एकसारखे कापून रचता आले. बोरोमिनी यांच्या नावे ओळखला जाणारा जिना मात्र लंबवर्तुळाकार आहे. मधल्या मोकळ्या कूपाभोवती जोडीजोडीने उभे असलेले स्तंभ त्याला पेलतात. लंबवर्तुळात वक्रता सतत बदलत असल्याने एकच पायरी गिरवून चालत नाही. म्हणून पाव फेऱ्यातील प्रत्येक पायरीचा स्वतंत्र साचा काढून समोरासमोरच्या भागांसाठी तोच वापरला. गोल जिन्यापेक्षा वेळ कितीतरी अधिक गेला, पण ज्यांना पुठ्ठा कापण्याची खरी हौस आहे त्यांनी हाच जिना आधी करावा, असे माझे मत आहे.

मोठ्या दालनाचे छत हा या टप्प्याचा गाभा आहे. चित्रकार पिएत्रो दा कोर्तोना यांनी १६३२ ते १६३९ या काळात तेथे दैवी योजनेचा आणि बार्बेरिनी सत्तेचा गौरव रंगवला. घराण्याच्या चिन्हातील तीन मधमाश्या त्यात लॉरेलच्या पानांच्या वलयातून उडताना दिसतात. छापील चित्र वक्र छतावर बसवण्यासाठी कागदाला कोपऱ्यांकडून पाचरीसारखे छेद द्यावे लागले. मूळ छतातील गिलाव्याची भासणारी नक्षीदार चौकटही खरे तर रंगवलेलीच आहे, त्यामुळे येथे उठाव न करता सपाट छपाई ठेवणेच अधिक प्रामाणिक वाटले.

भिंतींचा प्रश्न अवघड आहे. १६४४ मध्ये अर्बन वारले, नव्या पोपने हिशेब मागितले, पुतण्यांनी फ्रान्स गाठले आणि मालमत्तेवर जप्ती आली. पुढे समेट होऊन वास्तू परत मिळाली, पण नंतरच्या शतकांत संग्रह पांगत गेला : पोर्टलँड फुलदाणी ही प्राचीन रोमन काचेची फुलदाणी लंडनला, फॉन या अरण्यदेवाची संगमरवरी मूर्ती म्युनिकला, तर फ्रांचेस्को यांनी फ्रेंच चित्रकार पूसाँ यांच्याकडून करवून घेतलेले रोमन सेनापती जर्मानिकसच्या मृत्यूचे चित्र अमेरिकेतील मिनिआपोलिसला गेले. १९४९ मध्ये इटालियन सरकारने वास्तू विकत घेतली, तरी तिचा मोठा भाग लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबकडेच राहिला आणि तो संग्रहालयाच्या हाती यायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आज तेथे गाजणारे काराव्हाज्जो यांचे बायबलकथेतील युडिथ या स्त्रीचे चित्र सरकारने १९७१ मध्ये घेतले. बार्बेरिनींच्या वारशाशी त्याचा संबंध नाही.

त्यामुळे भिंती काढता-घालता येतील अशा दोन संचांत करण्याचे ठरवले आहे, एक घराण्याच्या वैभवकाळाचा आणि दुसरा संग्रहालयाचा. राफाएल यांचे ‘फोर्नारीना’ हे स्त्रीचित्र सतराव्या शतकापासून बार्बेरिनींकडे होते आणि आजही या वास्तूतच आहे, म्हणून ते दोन्ही संचांत येईल.

दुसऱ्या मजल्यावरील, बार्बेरिनी घराण्यातील कोर्नेलिया कोस्तान्झा यांची अठराव्या शतकातील नाजूक नक्षीची दालने दोन्ही संचांत बसत नाहीत, कारण वंशजांचा वावर तेथे १९५५ पर्यंत होता, म्हणजे खालची वास्तू सरकारची झाल्यानंतरही. तो मजला स्वतंत्र उचलता येईल असा बांधत असून त्याच्या दारांच्या चौकटी कापून झाल्या आहेत.